गावापुरतं एफएम: ऑनलाइन मिळणारा १५ वॅटचा डबा घ्यावा का?

माणगंगा_तीर

मंडळी, रामराम. गाव आटपाडी तालुक्यातलं, भोवती चार-पाच किलोमीटरच्या टापूत वाड्यावस्त्या विखुरलेल्या. ग्रामपंचायतीच्या भोंग्याचा आवाज वारं असेल तिकडं जातो, वस्त्यांवर पोचतच नाही. पाण्याची पाळी, लसीकरणाचा दिवस, डाळिंबावरच्या फवारणीचा सल्ला, बाजारभाव, संध्याकाळी हरिपाठ असं रोज दोन तास रेडिओवरून द्यावं, असं तरुण मंडळाच्या डोक्यात आहे. ऑनलाइन १५ वॅटचे एफएम ट्रान्समीटर अँटेना आणि वायरीसकट मिळतात. विकणारा 'रेंज दहा किलोमीटर' सांगतो.

विचारायचं ते असं. हे कायद्यात बसतं का? दहा किलोमीटर खरंच जातं का? आणि सरळ मार्गानं करायचं तर म्हसवडच्या ९०.४ सारखं सामुदायिक (स्थानिक संस्थेनं लोकांसाठी चालवलेलं) केंद्र आपल्या भागात उभं राहू शकतं का, त्याला काय लागतं? अंदाजे नको, आकड्यांत सांगा.

कलम_आणि_पोटकलम

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे धागा भरकटणार नाही. नाही बसत. १५ वॅट सोडा, एक वॅटसुद्धा नाही.

पूर्वी १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी तार कायदा होता. त्या १९३३ च्या कायद्यात नुसतं यंत्र बाळगायलाही परवाना लागायचा. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आलाय. त्याच्या कलम ४२ मध्ये परवानगीशिवाय यंत्रणा उभारली तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'ऑनलाइन उघड विकतात' हा बचाव होत नाही. आणि मंडळ नोंदणीकृत नसेल तर ज्याच्या माळवदावर अँटेना, तोच आरोपी.

एक वाक्य नेहमी ऐकवलं जातं: 'लहरी जनतेच्या मालकीच्या आहेत, सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय.' सांगितलंय, फेब्रुवारी १९९५ मध्ये, क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात. त्या पीठावर आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. पण त्याच निकालात असंही आहे की लहरी मर्यादित आहेत, म्हणून त्यांचं नियमन स्वतंत्र सार्वजनिक प्राधिकरणानं करावं. अर्धंच वाक्य घेऊन पोलीस ठाण्यात जाऊ नका.

जुना_व्हॉल्व्ह

कायदा माहीत आहे हो. पण बिहारमध्ये वैशाली जिल्ह्यातल्या मन्सूरपूरला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून एफएम चाललाच की. बांबूवर अँटेना, पन्नास रुपयांचं सामान, पंचक्रोशी ऐकायची. कुणाचं काय बिघडलं? माळावर एक वॅट सोडला तर कुणाला त्रास होणार आहे, सांगा.

फीडर_फेराइट

कुणाला त्रास होतो ते खाली येतंच. मन्सूरपूरचं केंद्रही २००६ साली बंद करायला लावलं होतं, तेवढं त्यात जोडून घ्या. मी आधी दहा किलोमीटरचा हिशोब मांडतो, कारण सगळा खेळ तिथंच आहे.

एफएम ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर चालतं. लाट साधारण तीन मीटरची. ही लाट जमिनीला धरून लांब जात नाही आणि आभाळावरून परतही येत नाही. दिसेल तिथपर्यंत, आणि थोडी पुढं. क्षितिजाचं अंतर काढायचं तर अँटेनाच्या उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ आणि ऐकणाऱ्याच्या उंचीचं वर्गमूळ यांची बेरीज करून ४.१२ नं गुणा, किलोमीटर मिळतात. ३० मीटरचा मनोरा आणि हातातला रेडिओ धरला तर २८ किलोमीटरच्या आसपास येतं. विकणारे हाच आकडा पुढं करतात. पण क्षितिजापर्यंत लाट पोचणं वेगळं आणि कानाला गाणं ऐकू येणं वेगळं.

सपाट रानात जमिनीवरून परावर्तित झालेली लाट थेट लाटेला मारक ठरते. त्यामुळं अंतर दुप्पट झालं की व्होल्टेज निम्मं न होता चौथाई होतं. उलट बाजूनं, अँटेनाची उंची दुप्पट केली की ६ डेसिबल मिळतात. तेच ६ डेसिबल ताकदीतून हवे असतील तर वॅट चौपट करावे लागतात.

आता तुमचा डबा घेऊ. १५ वॅट, सोबत येणारी बारीक आरजी-५८ वायर १५ मीटर, अँटेना माळवदावर ६ मीटर उंच. आरजी-५८ शंभर मीटरला सुमारे १६ डेसिबल खाते, म्हणजे १५ मीटरला २.४. अँटेनापाशी उरले साडेआठ वॅट. पाच किलोमीटरवर, दीड मीटर उंचीवर धरलेल्या रेडिओपाशी लाटेची ताकद भरते साधारण २९ डीबी मायक्रोव्होल्ट प्रति मीटर (हवेतली लाट मोजायचं माप). आंतरराष्ट्रीय मानकात आजूबाजूला दुसरा काहीही अडथळा नसताना मोनोला ३४ धरतात आणि स्टीरिओला ४८. म्हणजे पाच किलोमीटरवर नुसती खरखर. दोन किलोमीटरवर ४५ येतो, तिथं मोनो चांगलं ऐकू येईल. पत्र्याच्या घरात शिरल्यावर त्यातूनही बरंच वजा करा. तर दहा किलोमीटर विसरा, तो डबा दोन किलोमीटरचा आहे. तुमच्या वस्त्या त्याच्या बाहेर पडतात.

याच हिशोबानं परवान्यातलं केंद्र बघा. १०० वॅट ईआरपी (वायरीचा तोटा आणि अँटेनाचा फायदा धरून प्रत्यक्ष बाहेर पडणारी ताकद), ३० मीटर मनोरा. पाच किलोमीटरवर हातातल्या रेडिओला ५३, दहा किलोमीटरवर ४१. घरावर १० मीटर उंच साधी अँटेना लावली तर दहा किलोमीटरवरही ५८. म्हणून अशा केंद्रांचा पल्ला 'पाच ते दहा किलोमीटर' सांगतात, ते बरोबर आहे. टेकाडं आडवी आली की हे गणित मोडतं. म्हसवडचं केंद्र आटपाडीत सगळीकडं धड का लागत नाही, त्याचं उत्तरही यातच आहे.

आता त्रास कुणाला. स्वस्त डब्यात चार गोष्टी नसतात किंवा नावाला असतात.

पहिली, स्थिर फ्रिक्वेन्सी. पीएलएल (फ्रिक्वेन्सी जागेवर धरून ठेवणारं सर्किट) नसलेला, नुसत्या कॉईल-ट्रिमरवरचा दोलक अंशामागे दशलक्षात १०० नं सरकला तरी ९८ मेगाहर्ट्झवर दर अंशाला जवळपास १० किलोहर्ट्झ होतात. सकाळचे १५ आणि दुपारचे ३५ अंश यात २०० किलोहर्ट्झ सरकला, म्हणजे शेजारच्या केंद्राच्या मांडीवर जाऊन बसला.

दुसरी, लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक मर्यादेपुढं जाऊ न देणारा. एफएममध्ये आवाजासोबत फ्रिक्वेन्सी मागंपुढं सरकते (विचलन), त्याला ७५ किलोहर्ट्झची मर्यादा आहे. लॅपटॉपचा आवाज पूर्ण फिरवून दिला की १५० सहज होतं. ऐकणाऱ्याला आवाज फाटलेला येतो, त्याला वाटतं ताकद कमी आहे, मग आवाज अजून वाढवतात.

तिसरी, लो-पास फिल्टर, म्हणजे ठरलेल्या लाटेच्या वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा. ट्रान्समीटर मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतल्या लाटाही (हार्मोनिक) सोडतो: ९०.४ ची दुप्पट १८०.८. फिल्टर चांगला नसेल आणि दुसरा हार्मोनिक मूळ ताकदीच्या फक्त ३० डेसिबल खाली असेल, तर १५ वॅटच्या डब्यातून १५ मिलिवॅट भलतीकडं जातात. ऐकायला किरकोळ वाटतं. पण भलत्या लाटा नुसत्या हार्मोनिकच्याच नसतात, आणि १०८ मेगाहर्ट्झ संपलं की लगेच विमानांचा पट्टा सुरू होतो: ११८ पर्यंत दिशा दाखवणारी उपकरणं आणि १०८ ते ११२ मध्ये धावपट्टीची मध्यरेषा दाखवणारा लोकलायझर, त्यापुढं १३७ पर्यंत वैमानिकांचं बोलणं. दोन एफएम लाटा एखाद्या खराब आउटपुट स्टेजमध्ये मिसळल्या की तिसरी जन्माला येते. उदाहरणार्थ १०४.६ ची दुप्पट वजा ९८.३, उत्तर ११०.९. थेट लोकलायझरच्या पट्ट्यात. कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ सांगलीपासून लांब नाही, आणि हवेतल्या विमानाला तुमच्या अँटेनाची उंची आडवी येत नाही. त्याच्याशी तुमची थेट दृष्टिरेषा असते. एक वॅटनं काय होतं, ते हे.

चौथी, शेजाऱ्याचा मान. एफएममध्ये जो काही डेसिबलनं वरचढ, रेडिओ त्यालाच धरतो आणि दुसऱ्याला पूर्ण दाबतो. सामुदायिक केंद्रांना देशभर ९०.४, ९०.८, ९१.२ अशा ठरावीकच जागा मिळतात. तुम्ही गावात ९०.४ लावलंत की म्हसवडचं अंधुक ऐकणारे तुमच्याकडचे लोक ते कायमचं गमावणार.

आणि डबा जळतो कसा तेही सांगून ठेवतो. सोबतची दांडी काढता-घालता येणारी असते. ९०.४ साठी पाव लाट सुमारे ७९ सेंटिमीटर, १०७.८ साठी ६६. दांडी एकीसाठी ओढलेली आणि लाट दुसरीच, मग परत फिरलेली ताकद आउटपुट ट्रान्झिस्टरवर येते. व्हीएसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळलीय याचं माप, एक म्हणजे पूर्ण जुळलेली) दीड असेल तर ४ टक्के परततं, दोन असेल तर ११, तीन असेल तर २५. चांगला ट्रान्समीटर तीनच्या आधीच आपोआप ताकद कमी करतो. स्वस्तातला तसाच चालत राहतो आणि एका दुपारी वास येतो.

सातारा_प्रतिध्वनी

फीडररावांनी वॅटचं सांगितलं, मी थोडं मागचं सांगतो. 'पायरेट रेडिओ' म्हटलं की लोक क्रांतीच डोळ्यांपुढं आणतात.

जहाजांवरचा रेडिओ चालला तो कायद्यातल्या एका फटीमुळं. ब्रिटनची सागरी हद्द तेव्हा तीन सागरी मैल होती. रेडिओ कॅरोलाइननं मार्च १९६४ मध्ये त्याच्या बाहेर नांगर टाकून प्रसारण सुरू केलं. बीबीसी तरुणांना हवं ते संगीत देत नव्हती, म्हणून श्रोते धावले. ऑगस्ट १९६७ मध्ये कायद्यानं जहाजांना जाहिराती आणि रसद देणं गुन्हा ठरवलं, आणि ३० सप्टेंबरला बीबीसीनं रेडिओ वन काढलं, त्यावर आवाज पुष्कळसे जहाजांवरचेच. म्हणजे चोर बंद केला आणि त्याचा माल दुकानात मांडला.

आपल्याकडं तेच काम एका परदेशी, पण पूर्ण कायदेशीर केंद्रानं केलं. नभोवाणीमंत्री बा. वि. केसकर यांनी १९५२ च्या सुमारास आकाशवाणीवरची चित्रपटगीतं आवळली, श्रोते रेडिओ सिलोनकडं गेले, आणि त्यांना परत आणायला १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली.

खरा बेकायदा रेडिओ आपल्याकडं झाला तो १९४२ चा. मुंबईत उषा मेहता आणि सहकाऱ्यांचं काँग्रेस रेडिओ, ऑगस्टअखेर सुरू, १२ नोव्हेंबरला धाड. जागा सारख्या बदलत होते तरी अडीच-तीन महिन्यांत सापडले, कारण लाट सोडणारा स्वतःचा पत्ताच सोडत असतो. दोन ठिकाणांहून दिशा घेतली की रेषा जिथं छेदतात तिथं घर. साताऱ्याच्या पत्रीसरकारनं १९४३ पासून तीन वर्षं कारभार चालवला तो निरोप्यांच्या पायावर. निरोप्याची दिशा यंत्रानं घेता येत नाही, एवढं लक्षात घ्या.

जुना_व्हॉल्व्ह, मन्सूरपूरबद्दल मलाही जिव्हाळा आहे. पण त्याच वर्षी, नोव्हेंबर २००६ मध्ये, सामुदायिक रेडिओचं धोरण सेवाभावी संस्थांसाठी खुलं झालं. त्याआधी फक्त शिक्षणसंस्थांना होतं, चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र २००४ चं. म्हसवडला माणदेशी फाउंडेशननं २००८ मध्ये काढलेलं माणदेशी तरंग वाहिनी आणि जत तालुक्यातल्या जालिहाळचं येरळावाणी ही दोन्ही त्या धोरणाची फळं. दरवाजा अरुंद आहे, हे मान्य. पण आहे.

परवाना_पाहिजे

दरवाजा किती अरुंद ते सांगतो.

व्यक्तीला मिळत नाही. राजकीय पक्षाला आणि त्याच्या संलग्न संघटनांना नाही, नफ्यासाठी चालणाऱ्याला नाही. नोंदणीकृत सेवाभावी संस्था, शिक्षणसंस्था, कृषी विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र यांना मिळतं. संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या भागात काम दिसायला हवं. तुमचं मंडळ नुसतं गणपतीपुरतं असेल तर आज नोंदणी करून तीन वर्षं थांबा, किंवा तालुक्यातल्या एखाद्या जुन्या शिक्षणसंस्थेला पुढं करा. दुसरा मार्ग लवकरचा.

अर्ज ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर, शुल्क २५०० रुपये. छाननी, मग इरादापत्र. त्यानंतर दूरसंचार विभागाकडून लाट आणि मनोऱ्याच्या जागेची मंजुरी, २५,००० रुपयांची बँक हमी, सरकारशी करार, आणि शेवटी बिनतारी परवाना. खोळंबा होतो तो बहुतेक जागेच्या कागदांवर. मनोऱ्याचे अक्षांश-रेखांश अर्जात एक, सातबाऱ्याच्या जागेवर दुसरे आणि प्रत्यक्षात तिसरे असं झालं की फाईल फिरत राहते. मोबाईलवर जागेवर उभं राहून अंश-मिनिट-सेकंदात घ्या आणि सगळीकडं तोच आकडा टाका. दशांश आणि मिनिट-सेकंद यांची सरमिसळ ही सगळ्यात जास्त होणारी चूक.

अँटेना जमिनीपासून किमान १५ आणि जास्तीत जास्त ३० मीटर. ताकद १०० वॅट ईआरपी, खास कारण असेल तर २५० पर्यंत. वरचा हिशोब वाचला असेल तर कळेल की १०० चे २५० केल्यानं फक्त ४ डेसिबल मिळतात, तर १५ मीटरचा मनोरा ३० केला की ६. आणि उंची 'जमिनीपासून' मोजतात, त्यामुळं गावाशेजारच्या माळावर जागा मिळाली तर तो चढ फुकटात. फक्त तिथं वीज, रस्ता आणि रात्री तांब्याची तार राखणारा माणूस हवा.

कार्यक्रमांपैकी निम्मे तरी स्थानिक, स्वतः केलेले हवेत. सल्लागार समितीत निम्म्या बायका. प्रत्येक कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तीन महिने जपायचं. बातम्या स्वतःच्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या जशाच्या तशा देता येतात. माझ्या मते हा नियम सरळ अन्यायाचा आहे. गावातल्या पोराला मोबाईलवर चॅनल काढून वाट्टेल ते बोलता येतं आणि परवानाधारक केंद्राला ग्रामसभेचा वृत्तांत देताना विचार करावा लागतो. पण तुम्ही लिहिलेलं सगळं चालतं. पाणीपुरवठा, वीज, हवामान, आरोग्याच्या सूचना, परीक्षा, नोकरभरती, आपत्तीच्या सूचना हे बातम्यांत धरत नाहीत.

पैसा. जाहिरातीला तासाला १२ मिनिटं, आधी ७ होती. सरकारी दर २०२४ पासून दहा सेकंदांना ७४ रुपये, आधी ५२. बारा मिनिटं म्हणजे दहा सेकंदांच्या ७२ जागा, पूर्ण भरल्या तर तासाला ५३२८ रुपये. पूर्ण कधीच भरत नाहीत. म्हणून संस्थेकडं दुसरं काम असलं पाहिजे, ज्याच्या पोटात रेडिओ चालेल. निव्वळ रेडिओवर जगायला निघालेल्या केंद्राला दुसरं वर्ष जड जातं.

फीडर_फेराइट

परवान्यातल्या केंद्राच्या सामानाचं थोडं मी जोडतो, कारण बजेट नेमकं चुकीच्या ठिकाणी कापतात.

५० वॅटचा ट्रान्समीटर आणि ४० मीटर फीडर (ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंतची वायर) धरा. आरजी-५८ वापरली तर वर पोचतात साडेअकरा वॅट. त्याहून जाड आरजी-२१३ ला २७ च्या आसपास. अर्धा इंची फोमवाली, जाड तांब्याच्या आवरणाची वायर घेतली तर ४१. म्हणजे वायरीत वाचवलेले पैसे तुम्ही ट्रान्समीटरवर दुप्पट घालवता. अँटेनाही बघून घ्या. वर्तुळाकार ध्रुवीकरणाची (लाट उभी आणि आडवी दोन्ही सोडणारी) एकच बे, म्हणजे अँटेनाचा एकच नग, असेल तर उभ्या ध्रुवीकरणात निम्मीच ताकद जाते. दोन बे लावल्या तर ती भरून निघते. गाड्यांच्या उभ्या अँटेना आणि घरातला आडवा-तिडवा रेडिओ दोघांनाही ऐकू यायचं तर दोन बे घ्याच.

पावसाळ्यात बंद पडणाऱ्या दहा केंद्रांपैकी बहुतेकांचं कारण वरचा कनेक्टर असतो. त्यावर आधी स्वतःच चिकटणारा रबरी टेप ताणून, मग पीव्हीसी टेप, आणि गुंडाळायचा खालून वर, म्हणजे कौलांसारखा थर पडतो आणि पाणी आत शिरत नाही. वरून खाली गुंडाळला तर प्रत्येक थर पन्हाळीचं काम करतो. वायर खोलीत शिरण्याआधी खाली झोळ द्या, पाणी तिथून ठिबकलं पाहिजे. व्हीएसडब्ल्यूआर रोज सकाळी वहीत लिहा. पाऊस पडल्यावर १.२ चा १.६ झाला आणि उन्हानं परत १.२ आला, तर पाणी शिरलंय. ट्रान्समीटर उघडत बसू नका.

वीज पडण्याचा विषय माणदेशात वळवाच्या पावसात गंभीर आहे. फीडरचं आवरण वर मनोऱ्याला, खाली पायथ्याशी आणि खोलीत शिरताना असं तीन जागी जमिनीला जोडा. मनोरा, खोली आणि विजेचं मीटर यांचे अर्थिंगचे खड्डे वेगळे असले तरी तांब्याच्या पट्टीनं एकमेकांना जोडलेले हवेत, नाहीतर वीज त्यांच्यातला फरक तुमच्या मिक्सरमधून भरून काढते. रोध ५ ओहमच्या आत. कोरड्या मुरमात तो उन्हाळ्यात वाढतो, तेव्हा मे महिन्यात मोजा.

भारनियमनासाठी: ट्रान्समीटर, संगणक, मिक्सर मिळून २५० वॅट धरा. आठ तासांना इन्व्हर्टरच्या तोट्यासकट साधारण २३५० वॉट-तास. १५० अँपिअर-तासाच्या १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ३६०० देतात, म्हणजे पासष्ट टक्के उपसा. याहून जास्त रोज उपसलात तर त्या लवकर मरतात.

आणि हवेत पन्नास हर्ट्झची गूंऽऽ ऐकू आली तर ती बहुतेक लॅपटॉपच्या चार्जरमधून येते. चार्जर काढून बघा. गेली तर लॅपटॉप आणि मिक्सरच्या मधे ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. तीन पिनच्या प्लगची अर्थची पिन तोडून गूं घालवणारे महाभाग आहेत. तसं करू नका, माणूस मरतो.

जुना_व्हॉल्व्ह

विमानाचं पटलं. पण एवढं सगळं करून ऐकणार कोण? पोरं मोबाईलवर. आणि सांगली आकाशवाणी मध्यम लहरीवर घरात लावली तर नुसती घरघर.

कृष्णाकाठ_४५फूट

घरघर केंद्राची नाही, तुमच्या घरातली आहे. सांगली १९६३ पासून मध्यम लहरीवर, १२५१ किलोहर्ट्झ, लाट २४० मीटरची. ती जमिनीला धरून घाटापलीकडं जायची. एलईडी दिवे, चार्जर, सेट टॉप बॉक्स यांच्या स्विचिंग सप्लायचा कचरा बरोबर याच पट्ट्यात पडतो. रेडिओ सेलवर लावा आणि घराचा मेन स्विच पाडा. घरघर थांबली तर एकेक एमसीबी चढवत जा, दोषी दिवा सापडतो. रेडिओच्या आतली फेराइटची कांडी आडवी असते, रेडिओ जागेवर गोल फिरवला तर एका कोनात घरघर जवळपास नाहीशी होते. खिडकीपासून आत नको.

ऐकणार कोण, तर २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर होतं, धोक्याची पातळी ४५. वीज गेली की टॉवरच्या बॅटऱ्या किती तास टिकतात, ते नदीकाठी सगळ्यांना माहीत आहे. कोयनेतून किती क्युसेक सोडले हे त्या वेळी सेलवरच्या रेडिओवर ऐकता येतं. मोबाईलमध्येही एफएमचा चिप पुष्कळदा असतो, फक्त कंपन्या तो बंद ठेवतात. तो चालू ठेवा असं सरकारनं २०२३ मध्ये कंपन्यांना कळवलं होतं. इअरफोनची वायर हीच अँटेना, म्हणून बिनतारी इअरफोनवर एफएम लागत नाही.

माणगंगा_तीर

सगळ्यांचे आभार. डबा रद्द. तालुक्यातल्या शिक्षणसंस्थेशी बोलणी सुरू करतो. पण परवाना येईपर्यंत वस्त्यांचं काय? मोबाईलवरून प्रसारण आणि भोंगे, दोन्हींचा विचार चाललाय.

फीडर_फेराइट

मोबाईलसाठी आइसकास्टचा (इंटरनेटवरून आवाज वाटणाऱ्या सॉफ्टवेअरचा) सर्व्हर भाड्यानं घ्या, गावातून फक्त एक प्रवाह वर पाठवा. बोलण्याला ३२ केबीपीएस एएसी पुष्कळ, ऐकणाऱ्याचे तासाला साडेचौदा एमबी जातात. घरच्याच संगणकावरून दोनशे जणांना द्यायला गेलात तर साडेसहा एमबीपीएस अपलोड लागेल, ते गावात मिळत नाही. गाणी लावू नका. रेडिओला कायद्यानं ठरवलेल्या दरात गाणी वाजवायची सोय आहे, इंटरनेटला ती लागू नाही असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलंय. हरिपाठ गावच्याच भजनी मंडळाकडून रेकॉर्ड करून घ्या. माइक तोंडापासून चार-पाच बोटं, खोलीत दोन भिंतींना गोधड्या टांगा, पत्र्यावर पाऊस असेल तर रेकॉर्डिंग पुढं ढकला.

वस्त्यांसाठी १०० व्होल्ट लाइनचा ॲम्प्लिफायर घ्या, म्हणजे आवाज जास्त व्होल्टेजवर, कमी प्रवाहात तारेतून जातो. तुमच्या भोंग्यांना बहुतेक साधी ८ किंवा १६ ओहमची जोडणी असेल, ती लांब तारेत आवाज गिळते. १०० व्होल्ट लाइनवर १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची जोडतार ५०० मीटर नेली आणि तिथं १५ वॅटचे आठ हॉर्न लावले, तर तारेत जेमतेम १३ टक्के जातात. प्रत्येक हॉर्नला लाइन ट्रान्सफॉर्मर हवा. सगळ्या टॅपची (ट्रान्सफॉर्मरवर निवडलेल्या वॅटची) बेरीज १२० झाली तर ॲम्प्लिफायर १६० चा तरी घ्या. एखाद्या हॉर्नचा ट्रान्सफॉर्मर शॉर्ट झाला की सगळी लाइन गप्प होते, म्हणून प्रत्येक वस्तीला वेगळा फ्यूज आणि स्विच. तार विजेच्या खांबांवरून नेऊ नका, महावितरण काढून टाकतं आणि वर दंड करतं. ध्वनिक्षेपकाची पोलीस परवानगी लागेल, आणि रात्री दहा ते सकाळी सहा बंद. काकड्याची वेळ त्यात अडकते, ते भजनी मंडळाला आधीच सांगा.

परवाना_पाहिजे

शिक्षणसंस्थेच्या ठरावात 'रेडिओ केंद्र' एवढंच लिहू नका. जागा कोणती, मनोऱ्याखालच्या जमिनीचा गट नंबर, आणि अर्जावर सही कोण करणार हे तिन्ही त्याच ठरावात घ्या. विश्वस्त बदलले की सहीवरूनच अडतं.